प्लांट मागण्याआधी बादली वेगळी करा



कचऱ्याचा विषय निघाला की एक मागणी हमखास पुढे येते. इंदूरला कचऱ्याच्या गॅसवर बस धावतात, मग आपल्या बीड जिल्ह्यात तसा प्लांट का नाही? मागणी रास्त आहे. बिंदुसरा नदीच्या पात्रात येऊन पडणारी घाण, पावसाळ्यात भाजी मंडईच्या कडेला कुजणारे ढीग, रात्री कोणीतरी पेटवून दिलेल्या कचऱ्याचा धूर हे सगळं आपण रोज सोसतो. दुसरीकडे सिलिंडरचा खर्च घराघराला जाणवतो. ज्या ओल्या कचऱ्यापुढे नाक धरावं लागतं त्याच्यापासूनच जाळायला गॅस आणि शेताला खत मिळणार असेल, तर ते कोणाला नको आहे?

तरीही माझं कळकळीचं सांगणं आहे की प्लांट मागण्याआधी घरातली बादली वेगळी करा. ओल्या कचऱ्याचं मोठ्या प्रमाणावर इंधन होतं की नाही, हे यंत्र कोणत्या कंपनीचं आहे यावर फारसं ठरत नाही. कचरा किती निवडलेला येतो, रोज येतो की नाही, किती लांबून येतो, त्याला पाणी किती लागतं आणि मागे उरलेला पातळ चोथा, म्हणजे स्लरी, कोण उचलतं, यावर ते ठरतं. निधी मिळाला, जागा मिळाली, यंत्रही आलं आणि तरी प्रकल्प गंजत पडला, अशी उदाहरणं देशात आहेत. त्या वाटेने आपण जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

गॅस होतो कसा

गाईच्या पोटात जे घडतं, जवळपास तेच बायोगॅसच्या टाकीत घडतं. हवा न शिरणारी जागा, ऊब, ओलावा आणि त्यात राहणारे सूक्ष्म जीव. या जिवांचा एक गट अन्न फोडून त्याचं आम्ल करतो. दुसरा गट त्या आम्लापासून मिथेन तयार करतो. पहिला गट झपाट्याने काम उरकतो, दुसरा संथ आणि नाजूक असतो. तयार होणाऱ्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. शेगडीला हा गॅस तसाच चालतो. वाहनात भरायचा असेल तर तो शुद्ध करून मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यावा लागतो आणि मग मोठ्या दाबाखाली भरावा लागतो. त्यालाच सीबीजी म्हणतात.

गाईला वेळच्या वेळी आणि मापाने वैरण लागते. एक दिवस उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी पोतंभर धान्य पुढे ओतलं तर तिचं पोट फुगतं. टाकीचंही तसंच आहे. लग्नसराईत एखाद्या मंगल कार्यालयातून एकाच दिवशी भात, बुंदी, जिलेबीचे पिंपच्या पिंप आले आणि ते सगळे एकदम टाकीत ढकलले, तर पहिला गट भराभर आम्ल करून ठेवतो आणि दुसऱ्याला ते उरकत नाही. टाकी आंबते. वरून पाहाल तर गॅस भरपूर दिसतो, पण काडी लावली की शेगडी फडफडते आणि विझते, कारण त्या गॅसमध्ये मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. टाकीतून आंबूस भपकारा येतो. मग काही दिवस खाद्य बंद ठेवायचं, थोडा चुना किंवा ताजं शेण घालायचं आणि ती पूर्वपदावर येण्याची वाट पाहायची. हे कळणारा माणूस प्लांटवर नसेल तर तिथूनच प्रकल्पाचा शेवट सुरू होतो.

उबेचंही महत्त्व आहे. या जिवांना ३५ ते ३८ अंश सेल्सिअसची ऊब मानवते. आपला उन्हाळा त्यांना पोषक आहे, पण पौष-माघाच्या थंडीत गॅस घटतो. त्यासाठी टाकी जमिनीत घेणं, कडेने पाचटाचा थर देणं, पाणी उन्हात तापवून वापरणं असे साधे उपाय आहेत.

ज्ञानाची उणीव नाही

हे तंत्र परदेशातून शिकायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले गेले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात सफाई, खत आणि गॅस यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या डॉ. सु. वि. मापुसकर यांनी देहूत आयुष्य वेचलं आणि संडासाला जोडलेले बायोगॅस प्लांट लोकांच्या घरी चालवून दाखवले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुण्याच्या ‘आरती’ (ARTI) या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिलं की शेणापेक्षा शिळा भात, पीठ, सडकी फळं यांपासून कितीतरी पट गॅस आणि तोही कितीतरी लवकर मिळतो. कारण शेण म्हणजे जनावराने पचवून उरलेला भाग, तर अन्नात सगळी ताकद अजून शिल्लक असते. त्या छोट्या घरगुती प्लांटला २००६ मध्ये ॲशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण हा प्लांट तयार केला. त्यात कचरा आधी गरम पाण्यात कालवून हवेशीर टाकीत कुजवतात आणि मग हवाबंद टाकीत सोडतात. माथेरानसारख्या, जिथे गाड्यांना बंदी आहे अशा गावातही तो बसवला गेला.

म्हणजे तंत्र महाराष्ट्राच्या घरचंच आहे. अडलं आहे ते टाकीच्या अलीकडे, आपल्या उंबऱ्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतच्या वाटेवर.

इंदूरने आधी काय केलं

इंदूरचा प्लांट रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकेल एवढा मोठा आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. रोज सुमारे १७,००० किलो सीबीजी आणि १०० टन खत अशी त्याची क्षमता आहे. आपल्या डोळ्यांत हे आकडे भरतात. पण त्याआधी काय झालं तेही पाहा. इंदूर स्वच्छ शहरांच्या यादीत पहिलं आलं २०१७ मध्ये, म्हणजे प्लांटच्या पाच वर्षं आधी. रस्त्यावरच्या कचराकुंड्या उठवल्या, घरोघर गाडी सुरू केली, गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे केले आणि जो एकत्र देईल त्याचा कचरा न घेण्यापर्यंत कडक राहिले. चोइथराम मंडीतल्या भाजीपाल्यावर आधी २० टनांचा छोटा प्लांट चालवून पाहिला. लोकांच्या हाताला वळण लागल्यावर मग ५५० टनांचा आला.

लखनऊमध्ये उलटं घडलं. २००३ च्या सुमारास तिथे शहराच्या कचऱ्यावर ५ मेगावॅट वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. यंत्रणा तयार होती, पण येणारा कचरा माती, दगड, प्लास्टिकने भरलेला होता. प्रकल्प लवकरच बंद पडला. कोट्यवधी रुपये खर्चून जे उभं राहिलं ते निवडलेल्या कचऱ्याअभावी निकामी झालं.

आणि आपल्या शेजारचं छत्रपती संभाजीनगर आठवा. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण आपल्या दारात येऊन पडते, पाणी नासतं, धूर सोसावा लागतो, हे त्यांना सहन होईनासं झालं होतं. शहरात जागोजागी ढीग साचले, मार्चमध्ये गाड्या दुसरीकडे वळवल्यावर मिटमिट्यात दंगल झाली, दगडफेक झाली, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. त्यानंतर तिथे कचरा प्रक्रियेची केंद्रं उभी राहिली आणि कांचनवाडीत ३० टनांचा बायोगॅस प्लांट आला. शहाणपण आलं, पण भांडणानंतर. आपल्याकडे ते आधी यावं.

आपलं गणित

आता बीडचा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ४६ हजार होती. माणशी रोज १५० ग्रॅम ओला कचरा धरला तर त्या लोकसंख्येवर रोजचे २२ टन होतात. एका टनापासून ८० घनमीटर गॅस धरला तर साधारण १,७५० घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे १४.२ किलोच्या पन्नासेक सिलिंडरांइतकं इंधन रोज. निम्माच कचरा निवडून आला तर पंचवीस. शहर त्यानंतर वाढलं आहे, तेव्हा आकडा आज याहून मोठा असेल.

एवढ्या गॅसवर संपूर्ण शहराचा स्वयंपाक होणार नाही. तसं आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण वसतिगृहं, रुग्णालयांची भोजनालयं, अंगणवाडीचा आहार शिजवणारी स्वयंपाकघरं, शहरातल्या काही घंटागाड्या यांचं इंधन त्यातून निघू शकतं. शिवाय २२ टन घाण रोज डेपोवर जायची थांबते. डेपोवर कुजणारा कचराही मिथेनच सोडतो. तो हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. डेपोला पुन्हा पुन्हा आग लागते त्यालाही हा गॅस कारण असतो.

एकट्या घराचं गणितही समजून घ्या. पाच माणसांच्या घरात रोज पाऊण किलो ओला कचरा निघतो. एक घनमीटर गॅसला दहा-बारा किलो कचरा लागतो आणि त्यावर एक शेगडी दोनेक तास चालते. म्हणजे एका घराच्या कचऱ्यावर धड चहाही नीट होणार नाही. शंभर घरं एकत्र आली की ७५ किलो जमतो, सहा-सात घनमीटर गॅस होतो आणि साधारण पाच दिवसांनी एका सिलिंडरची बचत होते. एवढा गॅस अंगणवाडीच्या किंवा छोट्या खानावळीच्या कामाला येतो. म्हणून घराने एकट्याने प्लांट घेण्यापेक्षा गल्लीने, सोसायटीने, वस्तीने मिळून विचार करावा. घरी दोन-चार जनावरं असतील तर गोष्ट वेगळी. तिथे शेण आणि खरकटं मिळून घराचा स्वयंपाक निघतो.

बीडच्या खास अडचणी

आपल्या जिल्ह्याचं रूप पुण्या-मुंबईसारखं नाही, म्हणून तिथला नमुना जसाच्या तसा उचलू नये.

पहिली गोष्ट म्हणजे खेडी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्यातले पाचातले चार लोक खेड्यात राहतात. खेड्यात ओला कचरा मुळात कमीच उरतो. शिळी भाकरी शेळीला, भाजीची देठं म्हशीला, भाताचं पाणी वासराला, आणि उरलंसुरलं उकिरड्यावर. ही पद्धत चांगली आहे, ती मोडू नका. जनावराच्या तोंडचा घास काढून टाकीत घालणं शहाणपणाचं नाही. खेड्यात गॅसचा आधार शेण हाच राहील. ओल्या कचऱ्याच्या इंधनाची जागा शहरांत आहे, म्हणजे बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूर या सहा नगरपरिषदा आणि केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या नगरपंचायती.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. लाखो माणसं कारखान्यांवर जातात, घरी म्हातारी माणसं आणि काही मुलं राहतात. गाडीला जुंपलेले बैलही जातात आणि त्यांचं शेण कारखान्याच्या तळावर पडतं. जुन्या गोबरगॅस टाक्या खेडोपाडी बंद पडल्या त्यामागे दुष्काळात विकलेली जनावरं, दुरुस्तीला न मिळणारा गवंडी आणि दारात आलेला सिलिंडर ही कारणं आहेतच, पण सहा महिने उपाशी राहणारी टाकी हेही आपल्या भागातलं मोठं कारण आहे. ज्या गावातली निम्मी घरं हंगामात कुलूपबंद असतात, तिथे टाकीचं माप मागे राहणाऱ्या जनावरांवरून आणि माणसांवरून ठरवा, पावसाळ्यातल्या गर्दीवरून नको. कारखान्याच्या तळावर बैलांचं शेण एका जागी मिळतं. तिथे हंगामापुरता प्लांट चालवून तळावरच्या झोपड्यांना चुलीच्या धुरापासून सुटका देता येईल का, याचा विचार कारखान्यांनी जरूर करावा. पहाटे उठून धुरात भाकऱ्या थापणाऱ्या ऊसतोड बाईचा या गॅसवर पहिला हक्क आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. शेणाच्या प्लांटला शेणाइतकंच पाणी लागतं. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आपल्याकडे टँकर नवीन नाहीत. अशा भागात पिण्याचं पाणी टाकीत ओतणारा प्रकल्प टिकणार नाही आणि टिकूही नये. पण स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी आधीच असतं. त्याला वरून कमी पाणी पुरतं. स्लरी गाळून तिचं पाणी पुन्हा कालवणीला घेता येतं. भाजी धुतलेलं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, फिनेलचं, संडास धुण्याच्या ॲसिडचं पाणी मात्र टाकीजवळ नेऊ नका, ते सूक्ष्म जिवांना मारतं. प्रकल्प मांडणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार?

चौथी गोष्ट अंतराची. आष्टी जिल्ह्याच्या एका टोकाला, परळी दुसऱ्या टोकाला. तीन-चतुर्थांश पाणी असलेला कचरा डिझेल जाळून एवढ्या लांब वाहून नेणं म्हणजे इंधन मिळवण्यासाठी इंधन घालवणं. म्हणून जिल्ह्याला एकच भला मोठा प्लांट हा विचार सोडा. प्रत्येक शहराला त्याच्या मापाचा, मंडईला किंवा मोठ्या भोजनालयाला लागून असलेला प्लांट हवा. पाच टनांचा वर्षभर चालणारा प्लांट पन्नास टनांच्या बंद प्लांटपेक्षा केव्हाही बरा.

मोठा प्लांट करायचाच असेल तर त्याची जागा साखर कारखान्याशेजारी. शंभर टन उसामागे तीन-चार टन प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, निघतो आणि त्यापासून चांगला गॅस होतो. मात्र तो हंगामातच मिळतो, साठवला तर त्यातला गॅस कमी होत जातो. जवळच्या शहराचा निवडलेला ओला कचरा आणि आसपासच्या गोठ्यांचं शेण त्याला जोडलं, तर टाकीला बारा महिने खाद्य राहतं. मालाला गिऱ्हाईक आहे. केंद्र सरकारच्या ‘सतत’ नावाच्या योजनेत २०१८ पासून तेल कंपन्या सीबीजी विकत घेतात. शहरातल्या पाइपच्या गॅसमध्ये आणि वाहनांच्या सीएनजीमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के सीबीजी मिसळण्याचं बंधनही ठरलं आहे. विकायची चिंता कमी झाली आहे. चिंता खाद्याची आहे.

"आम्ही वेगळं देतो, गाडीवाला एकत्र करतो"

ही तक्रार मी किती बायांच्या तोंडून ऐकली असेल! ती खरी आहे. सकाळी घंटागाडीचं गाणं वाजतं, ताई दोन बादल्या घेऊन खाली येतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच ढिगात रिकाम्या होतात. दुसऱ्या दिवसापासून त्या एकच बादली आणतात. यात त्यांचा काय दोष?

पण गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या जागी राहूनही बघा. त्याच्या हाती जो "ओला" कचरा येतो त्यात भाजीच्या देठांबरोबर बाळाचे डायपर असतात, वर्तमानपत्रात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड असतात, दाढीचं ब्लेड, गोळ्यांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, फुटलेली बाटली असते. हातमोजा नसेल तर त्याचा हात कापतो. असा कचरा टाकीत गेला की प्लास्टिक पंपात अडकतं, वाळू आणि काचा तळाशी बसतात, टाकीची जागा भरत जाते आणि वर्ष-दोन वर्षांत ती रिकामी करण्याची वेळ येते. शिवाय खत म्हणून निघालेल्या मालात प्लास्टिकचे तुकडे दिसतात आणि शेतकरी ते शेतात घालायला नाही म्हणतो.

ही साखळी दोन्ही टोकांना धरूनच सुधारेल. घराने नीट द्यावं आणि नगरपरिषदेने नीट न्यावं. कचरा वेगळा करूनच देण्याचं बंधन घनकचरा नियमांनी आपल्यावर घातलं आहे. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या आस्थापनांवर त्याची जास्त जबाबदारी आहे.

आता कोणी काय करावं

घरच्या माणसांनो, ओटा आवरताना तीन भाग करा. ओल्यात फक्त भाजीची देठं-सालं, शिळं अन्न, चहाचा चोथा, निर्माल्यातली दोरा-प्लास्टिक काढलेली फुलं. सुक्यात कागद, प्लास्टिक, काच, पत्रा. तिसऱ्या भागात डायपर, पॅड, ब्लेड, औषधं, कागदात बांधून. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, सीताफळाच्या बिया, हाडं टाकीत पचत नाहीत, ती ओल्यात नकोत. लिंबा-संत्र्याची सालं फार झाली तर टाकीला मानवत नाहीत. ओला कचरा पिशवीत बांधून देऊ नका, बादली तशीच उपडी करा. हे सगळं करायला रोज काही मिनिटं लागतात.

मंगल कार्यालय, हॉटेल, खानावळ, वसतिगृह चालवणाऱ्यांनो, तुमच्याकडचा ओला कचरा सर्वांत उत्तम, कारण तो एका जागी आणि जवळजवळ निर्भेळ असतो. खरकटी ताटं ठेवायच्या ठिकाणी पत्रावळ, पाण्याचे पेले आणि अन्न यांसाठी वेगळी पिंपं ठेवा. लग्नाच्या तारखा प्लांटवाल्याला आधी कळवा, म्हणजे तो खाद्याचं माप सांभाळेल. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या संस्था, परळीचं वैद्यनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही देवस्थानं, मोंढे आणि भाजी मंडया इथून सुरुवात केली तर हजारो घरांची वाट न पाहता पहिला प्लांट उभा राहू शकतो.

नगरसेवक आणि अधिकाऱ्यांनो, प्लांटची निविदा काढण्याआधी तीन महिने रोज गाडीचं वजन घ्या आणि त्यातला स्वच्छ ओला कचरा किती ते तपासा. त्या मापाचाच प्लांट घ्या. गाडीला कप्पे आणि मधली भिंत असू द्या. ठेकेदाराला पैसे नुसत्या टनांवर देऊ नका, तसं केलं की माती-दगडही तोलला जातो. निवडलेल्या कचऱ्यावर आणि प्रत्यक्ष निघालेल्या गॅसवर द्या. करारात बांधकामाबरोबर किमान दहा वर्षांचं चालवणं आणि दुरुस्ती असावी. सफाई कामगारांना हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार द्या. कचरा निवडण्याचं काम बचत गटांना रास्त मोबदल्यावर देता येईल.

शेतकरी बांधवांनो, प्रकल्पाचं खरं टिकणं तुमच्या हातात आहे. गॅस निघून गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत राहतात. पंधरा-वीस टनांच्या प्लांटमधून रोज टँकरभर स्लरी निघते, ती कोणी नेली नाही तर प्लांट तिथेच तुंबतो आणि पुन्हा नाल्यात घाण सुटते. आपल्या कापसा-सोयाबीनच्या रानातला सेंद्रिय कर्ब घटला आहे, त्याला ही स्लरी आणि तिचं खत उपयोगी पडेल. प्लांटच्या या खतासाठी केंद्राने २०२३ मध्ये टनामागे १,५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं होतं. पण घेण्याआधी मुठीत घेऊन बघा. काच, प्लास्टिक दिसलं तर परत पाठवा. तुम्ही परत पाठवलंत तरच शहर सुधारेल. ग्रामीण भागात शेण-कचऱ्यापासून गॅस करण्याच्या गोबरधन योजनेसाठी प्रत्येक जिल्ह्याला स्वच्छ भारत अभियानातून ५० लाखांपर्यंत निधीची तरतूद होती. ती अजून आहे का, याची चौकशी जिल्हा परिषदेत करा.

एक इशारा

एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात, शेण-स्लरीने भरलेल्या पडक्या विहिरीत एक मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. एकाच कुटुंबातले आणि शेजारचे मिळून पाच जण गेले. कुजणाऱ्या खड्ड्यात प्राणवायू नसतो आणि विषारी वायू साचलेला असतो. माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. टाकीत, स्लरीच्या खड्ड्यात, जुन्या शोषखड्ड्यात कोणत्याही कारणाने उतरू नका. आत पडलेल्याला दोर टाकून वरूनच ओढा, अग्निशमन दलाला बोलवा. वापरात नसलेल्या टाक्या आणि खड्डे आजच झाकून घ्या. टाकीशेजारी विडी-काडी नको. नळीला गळती आहे का ते साबणाच्या फेसाने पाहा, काडी पेटवून कधीही पाहू नका.

बंधू-भगिनींनो, सरकार पैसा देईल, अभियंते टाकी बांधतील, तेल कंपनी गॅस घेईल. रोजचा निवडलेला कचरा मात्र यांच्यापैकी कोणीच देऊ शकत नाही, तो फक्त आपण देऊ शकतो. म्हणून येत्या महिन्यात एक काम करा. आपल्या गल्लीतली वीस घरं निवडा, त्यांचा ओला कचरा सलग पंधरा दिवस वेगळा गोळा करा आणि रोज तराजूवर तोलून वहीत मांडा. ती वही घेऊन वीस जणांनी मिळून नगरपरिषदेत जा आणि मुख्याधिकाऱ्यांना सांगा: एवढा स्वच्छ कचरा आमची गल्ली रोज देते, आता वेगळा कप्पा असलेली गाडी पाठवा. हातात वही असेल तर मागणीला वजन येतं. अशा दहा गल्ल्या झाल्या की प्रभागाचा हिशेब मिळतो, आणि प्रभागाचे हिशेब जुळले की आपल्या शहराला केवढा प्लांट हवा ते आपण स्वतः सांगू शकू.